एकोणीस खांब

उंबरधोंड हे नाव आमच्या घरात घ्यायचं नाही असा काही नियम नव्हता. त्रेचाळीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं, एवढंच. आणि परवा रविवारी दुपारी जेवता जेवता सुवर्णानं ते घेतलं, मेथीची भाजी आणखी वाढू का विचारावं इतक्या सहज. "आई, उंबरधोंडची चौकी सापडली," म्हणाली. माझ्या वाटीतलं वरण ताटाबाहेर सांडलं. हृषीकेशनं, माझ्या मुलानं, नुसतं फडकं पुढं केलं. त्याच्या डोक्यात सदा त्याची यार्नची मशिनं फिरत असतात. गलोंड्याच्या फॅक्टरीतून रविवारीसुद्धा फोन येतो आणि हा ताटावरून उठतो. पण सुवर्णानं माझ्याकडे पाहिलं. सुनेचं पाहणं मला कळतं. ती इथल्या, सिल्वासाच्या कॉलेजात इतिहास शिकवते, आणि इतिहास शिकवणाऱ्या बाईला सांडलेलं वरणसुद्धा पुरावा वाटत असणार. मी पदर सावरला आणि म्हटलं, "कसली चौकी?" आवाज अगदी साधा ठेवला. आवाज साधा ठेवणं हा माझा एकतीस वर्षांचा धंदा होता. नाशिकच्या ट्रंक एक्स्चेंजला ऑपरेटर होते मी.

चौकी म्हणजे फिरंग्यांच्या, पोर्तुगीजांच्या वेळचं नाकं. नदीतून खाली येणारं लाकूड तिथं अडवून तपासायचे. फिरंगी गेल्यावर तिच्यात मराठी शाळा भरायला लागली. पुढं धरण झालं, नदीकाठ पाण्याखाली गेला, आणि गावाबरोबर चौकीही बुडाली असं सगळे धरून चालले होते. सुवर्णा सहा महिने सिल्वासातल्या जुन्या इमारतींची नोंद करतेय. प्रत्येक इमारतीचा एक फॉर्म: नाव, मूळ ठिकाण, आत्ताचं ठिकाण, तोंड कोणत्या दिशेला, झालेले बदल आणि त्यांचं कारण. जुन्या नकाशात तिला नदीकाठी एक काळा ठिपका सापडला होता. आता तिला कुणीतरी सांगितलं, की बुडायच्या आधी गावानं ती चौकी उतरवली, खांब न् खांब नेला, आणि खानवेलच्या अलीकडे नवं गाव वसलं तिथं परत उभी केली. "बाबा तिथंच शिकवायचे ना?" तिनं विचारलं. हृषीकेश म्हणाला, "असेल. ते कुठं बोलायचे." मी म्हटलं, "मला आठवत नाही." सुवर्णानं मान हलवली आणि ताटं उचलली. तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

आठवत नाही! माझ्या कपाटात साडीच्या खोक्यात यांची पत्रं आहेत. सत्त्याहत्तरच्या जूनपासून एक्याऐंशीच्या फेब्रुवारीपर्यंत. दर शनिवारी सिल्वासाचा बाजार असे, त्या दिवशी हे उंबरधोंडहून यायचे आणि पत्र पेटीत टाकायचे. लग्न होऊन वर्ष झालं होतं. माझी नोकरी पक्की सरकारी, यांची जंगलातली शाळा. कुणी कुणाकडे जायचं याचा निकाल सासूबाईंनी लावला आणि मी नाशिकला राहिले. हे दिवाळीला यायचे आणि मे महिन्यात यायचे. उरलेलं वर्ष पत्रं. आणि पत्रांत माझी विचारपूस दोन ओळी, उरलेली शाळा. लिहायचे, दारावरच्या लाकडात फिरंग्यांनी साल कोरलंय, त्याचा शेवटचा आकडा वाळवीनं खाल्लाय, पोरं रोज नवा आकडा ठरवतात. चार वाजले की ऊन दारातून आत येतं ते थेट फळ्यावर. फळा नुसता चमकतो, अक्षर दिसत नाही, मग मी शाळा ओट्यावर आणतो, समोर नदी. मंजुळाबाई पाण्याचा हंडा ठेवून जाते. मंजुळाबाईनं आज पोरांना उंबराची फळं दिली. मंजुळाबाईला मी सही शिकवली. मी ही पत्रं हेडफोन गळ्यात अडकवून जेवणाच्या सुट्टीत वाचायचे. शेजारच्या बोर्डावर रजनी बसायची. ती म्हणायची, "काय गं, मास्तरांच्या पत्रात बाई बरीच येते."

रजनीला दोष देण्यात अर्थ नाही. माझे कानच तसे झाले होते. ट्रंकच्या बोर्डावर बसणारी बाई बोलणाऱ्याचं ऐकत नाही, त्याच्या मागचं ऐकते. कॉल दुकानातून आहे की घरातून, शेजारी कुणी उभं आहे की माणूस एकटा आहे, "आई बरी आहे" म्हणताना गळा कुठं अडकला. ऐंशी सालच्या डिसेंबरात माझ्या वाढदिवसाला यांनी सिल्वासाच्या पोस्टातून कॉल लावला. वापीची लाइन आली ती नेमकी माझ्याच बोर्डावर. मी "नाशिक" म्हटलं. पलीकडून खरखर, वारा, आणि मग हे ओरडले, "प्रमिला?" आणि त्यांच्या मागे एक बाई हसली. अगदी जवळ. घशातून वर येणारं, मोकळं, न लाजणारं हसू. मी विचारलं, "कोण हसलं?" हे म्हणाले, "कुठं काय?" त्यांना ऐकू गेलंच नसेल असं मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं. तीन मिनिटं झाली, मी नियमाप्रमाणे "तीन मिनिटं" म्हटलं आणि माझ्याच हातानं माझ्याच नवऱ्याची लाइन तोडली.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते. फेब्रुवारीत मी यांच्याविरुद्ध शिक्षण खात्याकडे अर्ज केला. निनावी. रजनीच्या अक्षरात, कारण माझं अक्षर हे ओळखतील. दोन वाक्यांचा अर्ज होता. दुसरं वाक्य, सदर शिक्षक एका स्थानिक स्त्रीबरोबर राहतात. ते मला खरं वाटत होतं. पण रजनी म्हणाली, एवढ्यावर कुणी उठत नाही गं, सरकारी काम आहे, काहीतरी सरकारी लिही. म्हणून पहिलं वाक्य घातलं: सदर शिक्षक शाळा भरवीतच नाहीत. ते मी वजनासाठी घातलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हे ट्रंक घेऊन दारात उभे राहिले. चौकशी झाली, काही निघालं नाही, दुसऱ्या शाळेवर पाठवायला खातं तयार होतं. हे गेले नाहीत. रविवार कारंजावर एका छापखान्यात प्रुफं तपासायला बसले ते रिटायर होईपर्यंत. घरी शिकवणी घ्या म्हटलं तर म्हणायचे, "आता नको." अर्ज कुणी केला असेल, असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. माणूस अशा वेळी बायकोला विचारतो, निदान मोठ्यानं नवल करतो. यांनी केलं नाही. त्यांना माहीत होतं की काय, या विचारानं मी चाळीस वर्षं त्यांच्या पानात जरा जास्तच तूप वाढलं. अठरा वर्षांपूर्वी हृषीकेशला इथं नोकरी लागली, टोकरखाड्यात फ्लॅट घेतला, नातवंडं झाली. हे एकदाही सिल्वासाला आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे. मी मनात म्हणायचे, गुडघे दुखतात की तिथं कुणी भेटेल याची भीती आहे? तीन वर्षांपूर्वी ते गेले आणि मी इथं आले. बाजारात, दवाखान्यात, बसस्टॉपवर माझ्या वयाची आदिवासी बाई दिसली की मी थांबून तिचं बोलणं ऐकते. कुणी हसलं तर मान वळते.

म्हणून सुवर्णा बुधवारी उंबरधोंडला निघाली तेव्हा मी म्हटलं, "मीही येते. घरात बसून कंटाळा आलाय." ती "या ना" म्हणाली, लगेच, आणि ते लगेच म्हणणंच मला खटकलं. हिनं माझं कपाट पाहिलंय का? मी आल्यापासून कपड्यांच्या घड्या तीच करते. मी पर्समध्ये एक पत्र टाकलं, ते उन्हाचं. स्वतःशी तरी खोटं का बोलू: मला ती शाळा खोटी निघायला हवी होती. तिथं शाळा नव्हतीच, असली तर पत्रातल्यासारखी नव्हती, हे ऐकीव काहीतरी लिहून दुसरीकडेच राहत होते, असं काहीतरी मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणजे मग माझं पहिलं वाक्य खरं. आणि नसेल तर मी एका शिकवणाऱ्या माणसाच्या हातातला खडू काढून घेतला, त्याला दुसरं नाव नाही. बहात्तरी चालू आहे माझी. हे कळल्याशिवाय मला मरायचं नव्हतं.

गाडी नवनाथची होती. तो शिरपूरकडचा, आधी हृषीकेशच्या फॅक्टरीत हेल्पर होता, आता टॅक्सी चालवतो. पुढं सुवर्णा, मागे मी. सकाळचे आठ वाजत होते, फेब्रुवारीतला गारवा होता, फॅक्टऱ्यांची पहिली पाळी आत गेलेली आणि रस्त्यावर सायकली कमी झालेल्या. शहर संपल्यावर साग लागले, पानं झडलेले. "मावशी, पुढं रस्ता खराब शे, धरी बसा," नवनाथ म्हणाला. मग म्हणाला, "तठं काय शे मॅडम? जुनं मंदिर शे का?" सुवर्णा म्हणाली, "शाळा होती." तो म्हणाला, "शाळा पाह्याले एवढं लांब!" मला तो माणूस आवडला. सुवर्णा आरशातून माझ्याकडे बघत होती. "आई, पाणी देऊ? तुम्ही घामाघूम झाल्यात." मी म्हटलं, "मला कधीच घाम येत नाही." काचेबाहेर एक बाई डोक्यावर लाकडं घेऊन चालली होती, ताठ, आणि मला 'मंजुळाबाईला मी सही शिकवली' हे वाक्य आठवलं. सही शिकवताना हात धरावा लागतो. लहान मुलाचासुद्धा धरावा लागतो, मोठ्या बाईचा तर नक्कीच. हे मी सत्तावीस वर्षांची असताना जसं मनात आलं होतं तसंच्या तसं, त्याच जागी, आत्ता आलं.

चौकी रस्त्यापासून थोडी आत होती. पहिल्यांदा ओळखू येईना, कारण ओट्यावर लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळती होत्या आणि भिंतीला दोन मोठे लाऊडस्पीकर टेकवलेले. नथू नावाच्या पन्नाशीच्या आतल्या माणसाकडे किल्ली होती. त्याचा मंडपाचा धंदा आहे आणि गावानं त्याला सामान ठेवायला ही जागा दिली आहे. त्यानं आम्हाला दोन खुर्च्या पुसून दिल्या. मी बसले नाही. सागाचे जाड खांब, वर कौलं, मधे कुडाच्या भिंती. दारावरचं लाकूड बघितलं. चौकटीत कोरलेलं साल होतं. एक, आठ, नऊ, आणि मग वाळवीनं खाल्लेला खळगा. म्हणजे इमारत तीच. हे निदान इथं येऊन गेले होते. सुवर्णा फोटो काढत होती, आणि मी दारात उभी राहिले तेव्हा माझी सावली माझ्या पुढं आत पडली, खुर्च्यांवरून सरळ मागच्या भिंतीपर्यंत. मागच्या भिंतीवर काळा चौकोन होता. फळा. माझ्या सावलीच्या दोन्ही बाजूंना तो उन्हात चमकत होता.

साडेनऊ वाजले होते. सकाळचे. मी वळून सूर्य पाहिला, परत आत पाहिलं, आणि नथूला विचारलं, "हे दार कुठल्या दिशेला?" तो म्हणाला, "उगवतीकडं." मी पर्समधलं पत्र काढलं नाही, ते मला पाठ होतं. चार वाजले की ऊन दारातून आत येतं ते थेट फळ्यावर. चार वाजता या दारातून आत काही येत नसणार, माशीशिवाय. नदीकाठ बुडाला, गाव हललं, हे सगळं मला मान्य. पण जो माणूस चार वर्षं एका खोलीत उभा राहिला त्याला सकाळ आणि संध्याकाळ यांतला फरक कळत नाही? एकदा येऊन दारावरचं साल पाहिलं, फळा पाहिला, आणि उरलेलं सिल्वासात कुठंतरी बसून मनानं लिहिलं. मला आनंद झाला. लाज वाटावी असा आनंद, घशापर्यंत आलेला, इतका की सुवर्णानं विचारलं, "आई, हसताय कशाला?" ती म्हणाली, "इथं बांधताना दार फिरवलं असेल का हो?" नथूला ते लागलं. "नाय मॅडम," तो म्हणाला, "आमच्या बापानं उभी केली ही. बारकू सुतार. खांब इकडचा तिकडं नाय झाला. मी तवा दोन वर्षांचा होतो, पण बापा सांगायचा ना. एकेका खांबावर नंबर आहे, बघा." सुवर्णानं फॉर्मवर लिहिलं: तोंड पूर्वेला, मूळ रचनेप्रमाणे. मला तो फॉर्म तिच्या हातून घेऊन छातीशी धरावासा वाटला.

बारकू. हे नाव कुठंतरी ऐकलं होतं. मी खुर्चीवर बसले आणि पत्रं मनात उलटायला लागले. बारकूनं नवा फळा करून दिला. बारकूला ताप, त्याला गाडीतून सिल्वासाला नेला. बारकू आणि मंजुळाबाईला मुलगा झाला, गावानं नाव ठेवायला मला बोलावलं. हे सगळं पत्रांत होतं. मंजुळाबाईपेक्षा जास्त वेळा बारकू होता. त्रेचाळीस वर्षं मी ती पत्रं वाचत होते आणि माझी नजर एका नावावरून उडी मारून दुसऱ्यावर बसत होती. मी नथूकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय?" तो म्हणाला, "मंजुळाबाई. ती काय, येऊनच राहिली."

ती काठी टेकत, वाकून, पण भराभर आली. एका हातात पाण्याचा तांब्या. बारीक चेहरा, गोंदलेली हनुवटी, दात गेलेले. या बाईच्या जागी मी एवढी वर्षं एक भरल्या अंगाची, काळ्या केसांची बाई उभी केली होती. ती कुठं नाहीशी झाली मला कळेना. मंजुळाबाई आमच्यासमोर ओट्यावर टेकली, तांब्या माझ्याकडे सरकवला. कानानं कमी ऐकते असं नथू म्हणाला. सुवर्णानं मोठ्यानं विचारलं, शाळेचं काय आठवतं. मी कोण ते तिनं सांगितलं नाही. मीच गाडीत बजावलं होतं, उगाच ओळखपाळख नको. बाई म्हणाली, "शाळा? शाळा मास्तर व्हता तवर. मंग दुसरे आले, एक दिस यायचे न् चार दिस नाय. आमचा मास्तर तठंच ऱ्हायचा. चार वाजले का पोरांना वट्यावर घेऊन बसायचा. आत डोळ्यावर ऊन यायचं."

"चार वाजता?" मी विचारलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "इथं तर सकाळी येतं." ती म्हणाली, "हा. तठं दार मावळतीला व्हतं, नदीकडं. हा पोऱ्या काय बी सांगतो, याला काय ठावं." नथू "आये" म्हणून काही बोलायला गेला, तिनं काठीनं त्याला गप्प केलं. मग तिनं सांगितलं ते असं. पाणी येणार म्हणून कागद आला तेव्हा गाव म्हणालं, झोपड्या नव्या होतील, पण चौकीचा साग टाकायचा नाही. मास्तर म्हणाला, उतरवायच्या आधी खांबांवर नंबर घालू, म्हणजे तिकडं जसंच्या तसं लागेल. डांबराचा डबा आणि काडी घेऊन तो रोज शाळा सुटली की लिहायचा. दाराच्या खांबापासून त्यानं एक सुरू केला. "आन् सांगून ठेवलं व्हतं बारकूला, नव्या जागी दार कठं लावायचं ते मी येऊन बघंन, फळ्यावर ऊन नाय आलं पायजे या टायमाला. एकोणीस खांब लिवले. मंग जीप आली. साहेब उतरला, मास्तरला म्हणं, आताच्या आता चल. का ते आमाला कोणी नाय सांगितलं. हात धुवाया पण नाय दिले, बोटांना डांबर तसंच."

डांबर. ट्रंक घेऊन दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या नखांत काळं होतं. मी विचारलं होतं, हे काय. ते म्हणाले, शाळेचं काम. मी ते हात बघून मनात काय काय म्हटलं होतं ते लिहिण्यासारखं नाही. "दोन महिने सामान पडून ऱ्हायलं," मंजुळाबाई सांगत होती. "बारकू म्हणं, मास्तर येल. पाऊस लागाया आला, मास्तर नाय आला. मंग काय करतो? आमच्यात पयला खांब उगवतीला उभा करत्यात, पूजा करून. मास्तरनं ज्याच्यावर एक लिवलाय तो पयला. बारकूनं एक नंबर उगवतीला उभा केला. बाकीचे त्याच्या मागनं लागले. दार आपसूक हिकडं आलं. कौलं चढल्यावर शाळा भरली, तवा सकाळी पोरांच्या पाटीवर, फळ्यावर ऊनच ऊन. बारकू म्हणं, मास्तरचा नंबर हाय, मी कसा फिरवू."

मी उठले. गुडघे माझेही दुखतात, पण उठले. दाराच्या उजव्या खांबावर, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, डांबरात एक होता. मग पुढच्यावर दोन. तीन. खुर्च्यांच्या चळती मधे येत होत्या, नथू त्या सरकवत होता, सुवर्णा माझ्यामागून येत होती. पाचाला मी थांबले. यांचा पाच खाली जरा जास्त लांबायचा. घरच्या किराण्याच्या यादीत, हृषीकेशच्या पाढ्यांच्या वहीत, दवाखान्याच्या कागदावर, सगळीकडे तसाच. मी त्याच्यावर बोट फिरवलं. डांबर गुळगुळीत झालं होतं. बारा, तेरा, चौदा. आत अंधार होता आणि मंडपाच्या कापडाचा कुबट वास. अठरा. एकोणीस. एकोणीसमधला नऊ अर्धवट होता, त्याची शेपूट खाली आलीच नव्हती. पुढं सात खांब होते. मी सातही चाचपले, मागून, पुढून, खालून. त्यांच्यावर काही नव्हतं.

त्या कोऱ्या खांबाला हात लावून मी उभी राहिले आणि मला अगदी स्पष्ट दिसलं की मी ज्या पुराव्यावर तासाभरापूर्वी खूश झाले होते तो मीच तयार केला होता. दार उगवतीला होतं कारण मास्तर नव्हता. मास्तर नव्हता कारण मी लिहिलं होतं की मास्तर नसतोच. वजनासाठी. मला रडू आलं नाही, फार राग आला, आणि तो कुणावर करायचा ते सापडेना. यांच्यावरसुद्धा आला, की एकदा विचारलं असतंत तर, एकदा तोंड उघडून माझ्यावर ओरडला असतात तर मी सांगून मोकळी झाले असते. सुवर्णानं माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला किती कळलं होतं मला अजूनही माहीत नाही. मी तिला विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

बाहेर ओट्यावर येऊन बसलो. सुवर्णानं फॉर्मवरचं 'मूळ रचनेप्रमाणे' खोडलं. मूळ ठिकाणाच्या पुढं नदीचा काठ लिहिला, तोंड पश्चिमेला. आत्ताचं ठिकाण, तोंड पूर्वेला. मग पेन थांबलं. "आई, बदलाचं कारण काय लिहू? स्थलांतरामुळे, असं लिहिलं तर चालेल." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. चांगला शब्द होता. त्याच्यात अख्खं गाव मावत होतं, मीही मावले असते. समोर नथूनं स्पीकर टेम्पोत चढवायला सुरुवात केली होती, संध्याकाळी कुठंतरी लग्न होतं. नवनाथ त्याला हात लावत होता.

"नाही," मी म्हटलं. "लिही. मास्तरांना काम अर्धं टाकून जावं लागलं. ते शाळा भरवत नाहीत असा त्यांच्याविरुद्ध खोटा अर्ज झाला होता."

पेन चाललं. मग सुवर्णानं हळूच विचारलं, "कुणी केला ते माहीत आहे?"

"त्यांच्या बायकोनं. नाव लिही. प्रमिला हेमंत गायधनी."

सुवर्णाचं पेन कागदावर टेकलेलं राहिलं. ऐकू कमी येणाऱ्या मंजुळाबाईनं तेवढ्यात मान वर केली. अर्जाचं काही तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत पुढं सरकली. "परमिला?" ती म्हणाली. "चिठ्ठीवाली परमिला? नाशिकची? मास्तर तुझी चिठ्ठी वट्यावर बसून समद्यांना वाचून दाखवायचा!" आणि ती हसली. घशातून वर येणारं, मोकळं, न लाजणारं हसू. वारा नव्हता, खरखर नव्हती, मधे वापीची लाइन नव्हती. माझं नाव ऐकून एक बाई अगदी जवळ हसत होती. तिनं माझा हात धरला.

"आई," सुवर्णा म्हणाली, "लिहू ना?"

"लिही," मी म्हटलं. "पूर्ण नाव लिही."